सर्वांचे रान, एकट्याचा बाण

अमेरिकेतील सार्वजनिक रानात धनुष्यबाण घेऊन हरणाची शिकार करता येते आणि तीही परवाना काढलेल्या कोणाही सामान्य माणसाला, ही वस्तुस्थिती मराठी वाचकाच्या सहजी पचनी पडणारी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या पिढ्यांच्या लेखी शिकार ही संस्थानिकांच्या जुन्या छायाचित्रांत उरलेली गोष्ट आहे, आणि सरकारी जंगलातील जनावर मारून घरी नेण्याचा हक्क एखाद्या शिक्षिकेला किंवा गवंड्याला रीतसर मिळू शकतो, ही कल्पनाच वनखात्याच्या येथील अनुभवाशी जुळत नाही. ‘जमीन कोणाची’ हे या अंकाचे सूत्र हाती घेऊन या विषयाकडे पाहू लागले, की धनुष्यबाण काहीसा मागे पडतो आणि अधिक गुंतागुंतीचे प्रश्न पुढे येतात. जे रान सर्वांचे आहे तेथे कोणी कसे वागावे, हे नवशिक्याला कोण शिकवते? पाहणारा कोणी नसताना नियम पाळण्याची सवय कशी लागते?

विस्कॉन्सिन या उत्तरेकडील राज्याचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. धनुष्यधारी शिकाऱ्यांसाठी स्वतंत्र हंगाम राखून ठेवण्याची आधुनिक प्रथा येथे सुरू झाली, सार्वजनिक वने येथे विपुल आहेत, आणि त्या वनांवर मूळ रहिवाशांचे जे हक्क आहेत त्यांचा झगडाही येथेच न्यायालयापर्यंत गेला. येथील हंगामाच्या रीतिभाती जवळून पाहिल्या तर एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की नवशिक्याला जे शिकावे लागते त्यात नेम धरण्याचा वाटा थोडाच असतो. वारा, जमिनीची ठेवण, कायदा आणि शेजारी बसलेला अनोळखी शिकारी यांचे ज्ञान त्याहून अधिक लागते, आणि पूर्ण ओढलेली दोरी बाण न सोडता पुन्हा सैल करणे हा या विद्येचा सर्वांत अवघड धडा ठरतो.

रानाचे धनी

अमेरिकेच्या भूभागापैकी सुमारे २८ टक्के, म्हणजे जवळपास ६४ कोटी एकर जमीन संघराज्य सरकारच्या ताब्यात आहे, मात्र तिची वाटणी फार विषम आहे. पश्चिमेकडील काही राज्यांत निम्म्याहून अधिक भूमी सार्वजनिक, तर टेक्साससारख्या राज्यात जवळजवळ सगळी खासगी, असा हा प्रकार आहे. शिवाय सार्वजनिक म्हटलेल्या प्रत्येक जागी शिकार चालते असेही नाही. राष्ट्रीय उद्यानांत बहुतांशी मनाई असते; राष्ट्रीय वने, राज्यांची वन्यजीव क्षेत्रे, अनेक संघीय वन्यजीव आश्रयस्थाने आणि कौंटीची, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा-तालुक्याच्या तोलाच्या प्रशासकीय घटकाची वने यांत ती नियमांच्या चौकटीत करता येते. विस्कॉन्सिनमध्ये आणखी एक उपयुक्त व्यवस्था आहे. खासगी जंगलाचा मालक आपले रान लोकांना पायी फिरण्यासाठी व शिकारीसाठी खुले ठेवत असेल, तर एका वनविषयक कायद्याखाली त्याला करात सवलत मिळते, आणि नकाशावर अशा तुकड्यांची नोंद असल्याने नवशिक्याला शेजारच्या गावाजवळही जागा सापडू शकते.

ही सार्वजनिक वने कोणा दूरदर्शी राज्यकर्त्याने आधीपासून राखून ठेवली होती, असा समज झाला तर तो चुकीचा ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर विस्कॉन्सिनमधील पांढऱ्या पाइन वृक्षांची प्रचंड अरण्ये लाकूड कंपन्यांनी साफ केली, उरलेल्या बुंध्यांच्या माळावर शेती करण्यासाठी गरीब स्थलांतरितांना बोलावण्यात आले, आणि थंडी व निकृष्ट माती यांच्यापुढे ती शेती मोडून पडली. १९२० आणि १९३० च्या दशकांत कर थकल्याने हजारो तुकडे सरकारजमा झाले. त्यांतूनच कौंटीची वने आणि आज पंधरा लाख एकरांहून मोठे असलेले शेवॉमेगन-निकोले राष्ट्रीय वन उभे राहिले. आजचा शिकारी ज्या पॉपलर आणि ओकच्या दाटीत हरीण शोधतो, ती दाटी एका फसलेल्या व्यवहारावर उगवलेली आहे.

त्याहीपूर्वीचा धनी निराळा होता. १८३७ आणि १८४२ च्या करारांनी ओजिब्वे या मूळ रहिवाशांनी उत्तरेकडील विस्तीर्ण प्रदेश अमेरिकी सरकारला दिला. तथापि त्या भूमीवर शिकार, मासेमारी आणि रानमेवा गोळा करणे या हक्कांवर त्यांनी पाणी सोडले नव्हते. राज्य सरकारने ते हक्क पुढे अनेक दशके मानले नाहीत आणि आपल्याच पूर्वजांच्या रानात शिकार करणाऱ्या ओजिब्वे माणसाला चोरटा शिकारी ठरवले. १९८३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने करारांतील हक्क कायम असल्याचा निर्णय दिला, तेव्हा त्याची प्रतिक्रिया इतकी कडवट उमटली की १९८० च्या दशकाच्या अखेरीस भाल्याने मासे मारायला निघालेल्या ओजिब्वे कुटुंबांना तळ्याकाठी जमलेल्या जमावाच्या शिव्या आणि दगड सोसावे लागले. आज ओजिब्वे शिकारी त्या प्रदेशातील सार्वजनिक जमिनीवर आपल्या जमातीच्या नियमांनुसार शिकार करतात, आणि त्यांचे हंगाम राज्याच्या हंगामांपेक्षा वेगळे असू शकतात. हा इतिहास नवशिक्यांच्या वर्गात सविस्तर शिकवला गेला पाहिजे, कारण ‘सार्वजनिक’ या शब्दात कोणाचा त्याग सामावला आहे हे न कळता त्या जमिनीवर हक्क सांगणे अपुरे आहे.

जमीन आणि जनावर यांची मालकी अमेरिकी कायद्याने एकमेकींपासून तोडली आहे, हीदेखील समजून घेण्यासारखी बाब आहे. आपल्या शेतात उभे असलेले हरीण शेतमालकाचे नसते. ते राज्यातील सर्व जनतेचे असून राज्य सरकार केवळ विश्वस्त असते, आणि म्हणून त्याची शिकार कोण, कधी व कशी करील हे राज्य ठरवते. हा विचार रुजला तो मोठी हानी झाल्यानंतर. बाजारात मांस व कातडे विकण्यासाठी चाललेल्या बेसुमार कत्तलीमुळे १९०० च्या सुमारास देशभरातील पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या तीन ते पाच लाखांवर आली होती. त्याच वर्षीच्या लेसी कायद्याने अवैध शिकारीच्या मांसाच्या आंतरराज्य व्यापाराला आळा घातला, रानटी हरणाच्या मांसाची विक्री हळूहळू बंद झाली, आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनासाठी बांधून दिले. १९७२ मध्ये धनुष्यबाणही या कराच्या कक्षेत आले. साधारण ११ टक्क्यांचा तो कर आजही भरला जातो. आज या हरणांची संख्या अंदाजे तीन कोटींच्या घरात आहे. शिकाऱ्याच्या पैशातून शिकारीचे प्राणी वाढले हे खरे असले, तरी जे प्राणी शिकारीचे नाहीत त्यांच्या वाट्याला या रचनेत कमी निधी येतो, हा आक्षेपही तितकाच रास्त आहे.

सार्वजनिक जमीन असणे आणि तिथवर पोहोचता येणे, यांतही अंतर असते. वायोमिंगसारख्या पश्चिमेकडील राज्यात रेल्वेच्या काळातील वाटपामुळे खासगी आणि सरकारी चौरस बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे आलटून-पालटून पसरले आहेत. २०२१ मध्ये काही शिकाऱ्यांनी दोन सरकारी चौरस जेथे केवळ कोपऱ्याला मिळतात तेथे शिडी लावली आणि खासगी मातीवर पाऊल न टेकवता पलीकडे उतरले. त्यावर मालकाने दावा लावला. मार्च २०२५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने १८८५ च्या एका कुंपणविरोधी कायद्याच्या आधारे शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला.

इशी, लिओपोल्ड आणि सातारा

बंदूक सर्वत्र मिळत असताना विसाव्या शतकात धनुष्य पुन्हा रानात आले ते एका दुःखद वाटेने. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ एक एकाकी, उपाशी माणूस सापडला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी संपवलेल्या ‘याही’ नावाच्या जमातीतील तो शेवटचा होता आणि जगाने त्याला इशी या नावाने ओळखले. सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहू लागला, तेव्हा त्याच्यावर उपचार करणारे शल्यवैद्य सॅक्सटन पोप त्याच्याकडून धनुष्य घडवणे, बाणाला पिसे बांधणे आणि दबा धरून बसणे शिकले. १९१६ मध्ये क्षयाने इशीचा मृत्यू झाला. पोप यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाने अनेक अमेरिकनांना या शिकारीचे वेड लावले, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी एक संस्कृती पुसली त्यांच्या हाती त्या संस्कृतीची विद्या तिच्या अखेरच्या वारसाकडून आली.

विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये सॉक आणि कोलंबिया या दोन कौंटींत केवळ धनुष्यधाऱ्यांसाठी हरणाचा हंगाम खुला केला. याच सॉक कौंटीत वन्यजीव व्यवस्थापनाचे आद्य अभ्यासक आल्डो लिओपोल्ड यांनी एक उजाड शेत विकत घेतले. लिओपोल्ड स्वतः धनुष्ये घडवीत आणि त्यांच्या पत्नी एस्टेला या राज्यातील नामवंत तिरंदाज होत्या. पुढे १९४० च्या दशकात हरणे इतकी वाढली की हेमलॉक, सीडर यांची रोपे ती वाढूच देईनात. अशा वेळी नरांबरोबर माद्याही माराव्या लागतील असे लिओपोल्ड यांनी सांगितले आणि शिकाऱ्यांचाच रोष ओढवून घेतला. मोठ्या शिंगांचा नर मिरवण्यासाठी आणि मादी वंशवाढीसाठी, ही समजूत आजही पुरती गेलेली नाही. नवशिक्याने पहिल्या हंगामात मादीचा परवाना वापरावा हा सल्ला अनेक जाणते देतात, तेव्हा त्यामागे संधी अधिक मिळते हा व्यवहार असतो, तसा रानाच्या तब्येतीचा हिशेबही असतो.

आजचा नवशिका बहुधा कंपाउंड धनुष्य हाती घेतो. मिसूरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळाले. धनुष्याच्या दोन्ही टोकांना अक्ष मध्यापासून सरकवलेल्या कप्प्या असतात. दोरी ओढताना सुरुवातीला पूर्ण ताकद लागते, परंतु कप्प्या फिरून गेल्या की भार एकदम उतरतो, आणि ५० पौंड ताणाचे धनुष्य पूर्ण ओढलेल्या स्थितीत दहा पौंडांच्या आसपास जोराने धरून ठेवता येते. झाडाआड थांबलेले हरीण पुढचे पाऊल टाकेपर्यंत दोरी ओढून थांबणे यामुळे शक्य झाले. शिकारीसाठी जन्मलेल्या याच धनुष्याने महाराष्ट्राला जागतिक नाव दिले, हा संबंध येथे नोंदवण्याजोगा आहे. साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे शिकलेले अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे कंपाउंड प्रकारातील महिला व पुरुष गटांची वैयक्तिक जगज्जेतेपदे पटकावली. मैदानावरील तिरंदाजाला ५० मीटरवर आखीव वर्तुळ दिसते. रानातील नवशिक्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर जे दिसते ते श्वास घेत असते, कान टवकारत असते आणि कोणत्याही क्षणी जागा सोडते.

वारा आणि म्हातारी

विस्कॉन्सिनचा धनुष्य हंगाम सप्टेंबरच्या मध्यास सुरू होऊन जानेवारीच्या आरंभापर्यंत चालतो, पण कामाचा आरंभ कितीतरी आधी नकाशावर होतो. फोनवरील नकाशात जमिनीच्या मालकीच्या सीमा आणि उंचीच्या रेषा एकत्र पाहता येतात, आणि त्यांवरून डोंगराची सोंड कोठे उतरते, दोन टेकड्यांमधील खिंड कोठे आहे, दलदलीच्या मध्यावर कोरडा उंचवटा कोठे आहे, हे हेरता येते. हरीण निरर्थक भटकत नाही. दिवसा रवंथ करत बसण्याची दाट जागा आणि तिन्हीसांजेला चरण्याची जागा यांच्यामध्ये त्याच्या ठरलेल्या वाटा असतात, आणि शिकाऱ्याने अडवायची ती हीच वाट. शरदात ओकची फळे गळू लागली की हा सगळा हिशेब बदलतो. पांढऱ्या ओकच्या फळांत तुरटपणा कमी असल्याने हरणे ती आधी शोधतात, म्हणून कोणते झाड कोणते, हे पानांच्या कडांवरून ओळखता येणे महागड्या सामानापेक्षा अधिक उपयोगी पडते.

पायी हिंडताना वाचायच्या खुणा निराळ्या. नराने शिंगे घासून साल सोललेली कोवळी झाडे, खाली वाकलेल्या फांदीखाली खुरांनी उकरून मूत्राने गंधित केलेली मातीची चकती, लेंड्या, गवतात दबून झालेल्या लंबगोल बैठका, या सगळ्यांतून कोण, कधी आणि किती वेळा येऊन गेले याचा अंदाज बांधता येतो. ही हरणे चितळ-सांबरांप्रमाणे दरवर्षी शिंगे गाळतात आणि नवी उगवतात. नोव्हेंबरच्या पूर्वार्धात माजाचा काळ ऐन भरात येतो, तेव्हा एरवी रात्रीच फिरणारा नर भर दिवसा माद्यांच्या मागावर धावतो, आणि सार्वजनिक जमिनीवरील गर्दीही त्याच आठवड्यांत सर्वाधिक होते.

या गर्दीचा हरणांवर होणारा परिणाम हा सार्वजनिक जमिनीचा खास धडा आहे. बहुसंख्य माणसे गाडी लावण्याच्या जागेपासून फार दूर जात नाहीत आणि सोप्या पायवाटा सोडत नाहीत. हरणांना हे काही दिवसांत उमगते आणि ती अडचणीच्या जागी सरकतात. दरवेळी या जागा दूरच असतात असे नाही. गुडघाभर पाण्याची पट्टी ओलांडावी लागते म्हणून सगळ्यांनी टाळलेला बांध किंवा रस्त्यालगत असूनही कोणाला शिकारीजोगा न वाटलेला झुडपांचा तुकडा, अशा ठिकाणी त्यांचा वावर आढळतो.

सर्वांत वरचढ ठरतो तो वारा. हरणाची नजर हालचाल चटकन टिपते, पण त्याला तांबडा रंग नीट दिसत नाही; म्हणूनच बंदुकीच्या नऊ दिवसांच्या हंगामात, जेव्हा पाच लाखांहून अधिक परवानाधारक रानात उतरतात, धनुष्यधाऱ्यालाही सक्तीने घालावा लागणारा भडक केशरी पोशाख त्याच्या शिकारीला फारसा मारक ठरत नाही. वासाचे मात्र तसे नाही. माणसाचा गंध नाकावर आला की हरीण शेपटीची पांढरी बाजू उभारून निघून जाते आणि ती जागा काही दिवस तरी टाळते. यावर जाणत्यांचा उपाय जवळून पाहण्यासारखा आहे. मिल्कवीड या झुडपाच्या वाळलेल्या बोंडातून रेशमी तंतूंचे बी निघते. हे झुडूप आपल्याकडील रुईच्याच कुळातले, आणि रुईच्या ज्या म्हातारीमागे मुले धावतात तीच जणू येथे शिकाऱ्याच्या खिशात असते. झाडावर बसल्यावर तो एक तंतू चिमटीतून सोडतो आणि तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहतो. गालाला वारा पश्चिमेचा लागत असतानाही तो तंतू वीस पावलांवर वळून ओढ्याच्या घळीत उतरतो, तेथे क्षणभर गोल फिरतो आणि मग नेमका हरणांच्या वाटेवर जाऊन टेकतो. ऊन चढू लागले की उतारावरची हवा तापून वर सरकते आणि सायंकाळी थंड होऊन पाण्यासारखी खाली वाहते, ही गोष्ट पुस्तकात एका वाक्यात संपते. त्या तंतूच्या प्रवासात ती डोळ्यांना दिसते, आणि ‘आज ही जागा चालणार नाही’ म्हणून उठून जाण्याचा निर्णय नवशिका तेथेच शिकतो.

शेजारधर्माचे नियम बरेचसे अलिखित आहेत. नोव्हेंबरच्या पहाटे, उजाडण्याच्या तासभर आधी, खडीच्या छोट्या वाहनतळावर एखादी गाडी आधीच उभी असेल तर मागून आलेल्याने दुसरीकडे जावे, हा सर्वमान्य संकेत. जागा कोणाला राखून ठेवता येत नाही. राज्याच्या बऱ्याचशा जमिनींवर सुटे मचाण दिवस संपल्यावर उतरवून न्यावे लागते, झाडाला इजा करता येत नाही, आणि हरणांचे रोग पसरू नयेत म्हणून अनेक कौंटींत चारा टाकून त्यांना बोलावण्यासही बंदी आहे. अंधारात दुसऱ्याच्या झाडाखालून चुकून जाणाऱ्याने दिव्याचा प्रकाश खाली ठेवून, न थांबता, शांतपणे पुढे जावे एवढीच अपेक्षा असते. हे संकेत पाळले जातात तेथे एकाच टेकडीवर दोन अनोळखी माणसे आपापली सकाळ घालवू शकतात.

वीस यार्ड

परवान्यापूर्वी शिक्षण सक्तीचे आहे. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला विस्कॉन्सिनमध्ये शिकारविषयक शिक्षणक्रमाचे प्रमाणपत्र असल्याखेरीज परवाना मिळत नाही. या वर्गांत सर्वाधिक भर सुरक्षिततेवर असतो, आणि धनुष्यधाऱ्याच्या बाबतीत मोठा धोका उंचीचा असतो. पंधरा-वीस फूट उंचीच्या मचाणावर चढताना पहिल्या पायरीपासून शरीरभर बांधलेला पट्टा झाडाला अडकवलेला असावा, धनुष्य हातात न धरता बसल्यावर दोरीने वर ओढून घ्यावे, आणि कोठे बसणार आहोत हे घरी सांगून ठेवावे, हे नियम घोकून घेतले जातात.

धनुष्याचा ताण किमान ३० पौंड असावा असा या राज्याचा नियम आहे; बहुतेक प्रौढ ४० ते ६० पौंडांच्या दरम्यान सुरुवात करतात. बाण बंदुकीच्या गोळीप्रमाणे धक्क्याने मारत नाही. त्याच्या टोकाचा पातेदार फाळ फुप्फुसे किंवा हृदय कापतो आणि वेगाने झालेल्या रक्तस्रावाने जनावर काही सेकंदांत कोसळते, मात्र फाळ वस्तऱ्यासारखा धारदार असेल आणि नेमका तेथेच लागेल तरच. यासाठी हरीण आडवे उभे असावे किंवा किंचित पाठमोरे तिरके असावे. समोरासमोर तोंड करून किंवा पुरते पाठमोरे उभे असलेल्या हरणावर नवशिक्याने बाण सोडू नये, हे सगळे शिक्षक एकमुखाने सांगतात.

अंतराची मर्यादा कशासाठी, हे हिशेबाने समजते. चांगल्या कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला २८० फुटांच्या आसपास वेगाने जातो, तर आवाज सुमारे ११०० फुटांनी. वीस यार्डांवर, म्हणजे ६० फुटांवर, दोरीचा आवाज बाणाच्या पुढे सेकंदाच्या साधारण सहाव्या-सातव्या हिश्शाने पोहोचतो. चाळीस यार्डांवर ही आघाडी दुप्पट होते. सावध हरीण तेवढ्या वेळात उडी घेण्यासाठी पाय दुमडून खाली दबते आणि फुप्फुसांवर धरलेला बाण पाठीच्या वरच्या भागात लागतो किंवा पाठीवरून निघून जातो. ऑलिंपिकच्या तोडीचा नेमबाजदेखील या अडचणीवर नेमाने मात करू शकत नाही, कारण चूक नेमाची नसतेच. म्हणून अनेक मार्गदर्शक पहिल्या हंगामासाठी वीस यार्डांची लक्ष्मणरेषा आखून देतात, आणि तिच्या पलीकडे कितीही देखणा नर आला तरी तो पाहण्यापुरताच आहे असे समजायला लावतात.

सरावाची पद्धतही याला धरून असते. मैदानावर पन्नास बाण मारून हात बसवण्यापेक्षा सकाळी अंग आखडलेले असताना, जाड कपड्यांत, गुडघ्यावर बसून किंवा उंचावरून कमरेत वाकून मारलेला दिवसाचा पहिला बाण कोठे लागला, तेवढाच मोजावा, कारण रानात दुसरा बाण सहसा मिळत नाही. याच सरावात दोरी पूर्ण ओढून, वीस-तीस सेकंद धरून, बाण न सोडता सावकाश परत आणण्याचा सराव असतो. हात थरथरत असताना आणि छातीत धडधड होत असताना हे करता येणे ही खरी तयारी आहे, आणि ती ज्याला जमते त्याला शिकारी म्हणावे, मग त्याच्या फ्रीजमध्ये मांस असो वा नसो.

बाण सुटल्यावर

बाण लागला असे वाटताच झाडावरून उतरून धावणे ही सर्वांत घातक चूक. हरीण शेवटचे कोठे दिसले ती खूण मनात पक्की करून थांबायचे असते आणि मग बाण शोधायचा असतो. बाणावरील रक्त फिकट लाल आणि फेसाळ असेल तर फुप्फुसे लागली आहेत. अर्ध्या तासाने निघाल्यास जनावर बहुधा शंभर-दीडशे यार्डांत पडलेले सापडते. रक्त काळपट असेल तर ते यकृताचे, आणि चार-सहा तास वाट पाहावी लागते. हिरवट चोथा आणि उग्र दर्प असेल तर बाण कोठ्यात गेला आहे. तेव्हा आठ-बारा तास थांबणे भाग असते, कारण त्याआधी पाठलाग केल्यास जखमी हरीण उठून मैलभर जाते आणि कोणालाही न सापडता मरते. पुढचा माग रक्ताच्या एकेका थेंबावरून, पानाच्या खालच्या बाजूला लागलेल्या डागावरून, उलटलेल्या ओल्या पाचोळ्यावरून काढावा लागतो; शेवटच्या थेंबाजवळ कागदाचा कपटा लावून पुढचा शोधायचा, असा तो धीराचा उद्योग आहे.

जखमी होऊन हाती न लागणारी हरणे हा धनुष्यशिकारीवरील सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. अंतराची मर्यादा, धारदार फाळ, थांबण्याची शिस्त आणि जेथे नियम परवानगी देतात तेथे दोरीला बांधलेल्या माग काढणाऱ्या कुत्र्याची मदत यांनी ते प्रमाण कमी होते, पण शून्य होत नाही. जो ही शक्यता मान्य करण्यास तयार नाही त्याने धनुष्य घेऊ नये, असे स्पष्ट सांगणारे शिक्षक या विद्येचे खरे हितचिंतक आहेत.

सापडलेल्या हरणाची नोंद विस्कॉन्सिनमध्ये दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाच वाजेपर्यंत फोनवरून किंवा इंटरनेटवरून करावी लागते. त्याआधी रानातच पोट उघडून आतडी काढावी लागतात, नाहीतर मांस आतल्या उष्णतेने खराब होते. आणि गाडीपासून मैलभर आत शंभर-सव्वाशे पौंडांची मादी पडली असेल, तर मागचे पाय, पुढचे पाय, पाठीचा मऊ भाग असे वाटे करून पाठीवरच्या पिशवीतून दोन खेपांत बाहेर आणावे लागतात. दूर जाण्याचा उत्साह बाळगणाऱ्या नवशिक्याला या खेपांचा विचार सहसा आधी सुचत नाही.

मांस घरी आल्यावरही एक पायरी उरते. हरणांच्या मेंदूचा क्षय करणारा, प्रिऑन नावाच्या विकृत प्रथिनामुळे होणारा असाध्य रोग २००२ मध्ये या राज्यात आढळला आणि तेव्हापासून पसरत गेला आहे. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी बाधित हरणाचे मांस खाऊ नये असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. यासाठी रस्त्याकडेला ठेवलेल्या नमुना-पेट्यांत हरणाचे डोके जमा करायचे, घशाजवळच्या लसिका ग्रंथींची तपासणी होऊन निष्कर्ष येईपर्यंत मांस गोठवून ठेवायचे, आणि निष्कर्ष वाईट आला तर सगळे टाकून द्यायचे, ही आता अनेक घरांतील रीत झाली आहे.

नवे शिकणारे

अमेरिकेत १६ वर्षांवरील लोकांपैकी शिकार करणाऱ्यांचे प्रमाण २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास होते. पूर्वी ही विद्या वडील-आजोबांकडून घरातच मिळे. आता ज्यांच्या घरात कोणी शिकारी नाही अशी शहरी माणसे, विशेषतः आपल्या ताटातील मांस कोठून येते हा प्रश्न पडलेल्या स्त्रिया आणि तरुण, तिशीत किंवा चाळिशीत पहिल्यांदा धनुष्य हाती घेतात. २०१६ मध्ये जॉर्जिया राज्यातील अथेन्स गावाच्या शेतकरी बाजारात हरणाच्या मांसाचा नमुना चाखायला देऊन शिकणारे गोळा करण्याचा प्रयोग झाला आणि त्यातून उभा राहिलेला उपक्रम इतर राज्यांत गेला. विस्कॉन्सिनचे राज्य खातेही जाणत्या मार्गदर्शकाबरोबर पहिली शिकार घडवणारे वर्ग चालवते. खासगी जमिनीचे भाडे न परवडणाऱ्या या मंडळींसाठी सार्वजनिक रान हाच एकमेव मार्ग असतो, आणि म्हणून त्या रानाची विक्री, वाटप किंवा वाटा अडवण्याचे प्रस्ताव येतात तेव्हा त्यांच्या विरोधात उभे राहणाऱ्यांत शिकारी आणि निसर्गप्रेमी अनेकदा एकत्र दिसतात.

पहिल्या हंगामात हरीण मिळणे हा अपवाद असतो. जानेवारीत हंगाम संपतो, बहुतेक लोक सामान आवरून ठेवतात, आणि नेमके तेव्हाच शिकण्याचे सर्वांत मोलाचे आठवडे सुरू होतात. पाने झडलेली असल्याने टेकड्यांची ठेवण उघडी पडते, साल सोललेली झाडे दुरूनही ओळखू येतात, आणि बर्फावर हरणांच्या वाटा दलदलीच्या कोणत्या टोकाला एकत्र येतात हे रेखीवपणे उमटलेले असते. या दिवसांत हरीण बिचकून उठले तरी पुढच्या सप्टेंबरपर्यंत ते विसरते, म्हणून एरवी पाय न ठेवण्याच्या त्याच्या बसण्याच्या जागेपर्यंत जाऊन, तेथे वाकून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून आपण हंगामभर बसलो ते झाड तेथून किती स्पष्ट दिसत होते, हे नवशिक्याला पाहून घेता येते.